पाडुआची हवा

६ जानेवारी, मंगळवार
फुप्फुसांच्या डॉक्टरांकडे. स्कॅन मागच्यापेक्षा वाईट. सुधीरला आता चालतानाही ऑक्सिजन लागेल. त्याने मशीनचं वजन, बॅटरी, फिल्टर सगळं विचारलं. किती दिवस उरलेत, हे मुख्य तेवढं सोडून. निघताना डॉक्टरच म्हणाले, कुठे जायचं मनात असेल तर यंदाच जा. एप्रिलपर्यंत.
गाडी हायवेवरून घराकडे वळली, नेपरव्हिलच्या एक्झिटला, तेव्हा सु. म्हणाला, "बोल, कुठे?"
माझ्या तोंडून निघून गेलं, पाडुआ.

७ जाने.
आज खुलासा करावा लागला. नागपूरचं कॉन्व्हेंट, आठवीचा वर्ग. सिस्टर बेनिग्ना शनिवारी पडदे ओढून स्लाइड्स दाखवायच्या. इटलीतलं छोटंसं चॅपल, निळंशार छत, भिंतीभर चित्रं. एक स्लाइड आली की मात्र प्रोजेक्टरच्या भिंगावर हात धरायच्या. मेरीचे म्हातारे आईवडील, ताटातुटीनंतर वेशीपाशी भेटतात, आणि... पुढे पडद्यावर नुसती सिस्टरांची लाल लाल बोटं. आम्ही ओढण्या तोंडात कोंबून हसायचो.
पाडुआ म्हणजे पादुका, असं मी कितीतरी दिवस समजत होते. सिस्टर 'सेंट अँथनी ऑफ पाडुआ' म्हणायच्या, म्हणजे त्या संताच्या पादुका. गाणगापूरला असतात तशा.
सु. हसला, मग खोकला. "म्हणजे म्हातारा-म्हातारीचा मुका बघायला अटलांटिक ओलांडायचा?"
हो, म्हटलं.

११ जाने., रविवार
सु.ला चित्रांत काडीचा रस नाही. जन्मभर हॉस्पिटलांच्या एअर कंडिशनिंगची कामं केली. आज मात्र चहा निवला तरी लॅपटॉपसमोरून हलेना. त्या चॅपलमध्ये सरळ आत जाता येत नाही म्हणे. आधी एका बंद काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसायचं. आपल्याबरोबर आलेली धूळ, दमटपणा तिथेच काढून घेतात, मग आतलं दार उघडतं. आतही तेवढाच वेळ. माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होतात.
"भिंतींसाठी आयसीयू बांधलाय गं, नीला."
मग स्वतःच्या नाकातल्या नळीला बोट लावून, "आणि मी तिथे श्वासाचं मशीन घेऊन जाणार."
आता जायची घाई माझ्यापेक्षा त्यालाच.

१७ जाने., शनिवार
मंडळाची संक्रांत. सु. एका खुर्चीत बसून, लोकच त्याच्याकडे येत होते. पाडुआचं कळल्यावर शोभावहिनी म्हणाल्या, "बालाजी इथे वीस मिनिटांवर सोडून येशूकडे काय काम काढलंस?" सगळे हसले, मीही. पण तिळगूळ देताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. निघताना सु.साठी गुळाच्या पोळ्यांचा वेगळा डबा, तूप सुटं.

२२ जाने.
चॅपलकडून मेल आली. मशीन चालेल. वेळ मात्र ठरलेली, चुकली की गेली. सु.ने आभाराच्या मेलमध्ये फिल्टरबद्दलचे तीन प्रश्न घुसडले.
केतकीचा बॉस्टनहून फोन. "आई, बी रियलिस्टिक. व्हॉट इफ समथिंग हॅपन्स ऑन द प्लेन?" ते काय माझ्या मनात आलं नसेल? बोलता बोलता तीच रडायला लागली. चाळिशीची लेक, पण ती रडताना मी जवळ नाही हे...

३१ जाने., शनिवार
भांडण. एप्रिलमधल्या वेळा भरत चालल्यात, म्हणून तिकिटं काढायला बसले. सु. म्हणतो, तुझं आणि केतकीचं काढ. मला जमलं तर बघू.
लॅपटॉप मिटला. म्हटलं, तुझ्याशिवाय बघायचं तर पुस्तकात नसतं का बघितलं?
"मी असलो तरी तू कुठे बघणार आहेस? वर छत आणि तुझे डोळे माझ्या बोटावरच्या ऑक्सिजन मीटरवर."
गेल्या वर्षभरात त्या आकड्याखेरीज मी काही धड पाहिलेलं नाही. नातीच्या नाचाच्या कार्यक्रमातसुद्धा.
वरणफळं केली. त्याने दोनदा मागून घेतली. तेवढंच बोलणं.

३ फेब्रुवारी, मंगळवार
विमान कंपनीच्या फॉर्मवर डॉक्टर आत्ता सही करायला तयार नाहीत. पुढच्या मंगळवारी चालण्याची टेस्ट. चालताना ऑक्सिजन फार खाली गेला नाही, तर सही. गेला तर नाही. सु.ने त्यांनाही काचेच्या खोलीचं वर्णन ऐकवलं. भले माणूस, हातातलं पेन खाली ठेवून ऐकत बसले.
घरी येऊन तिकिटं काढली, तीन. केतकीला कळवलं. "फाइन. आय ॲम कमिंग टू कॅरी द बॅटरीज." आवाजावरून आज रडलेली नव्हती.

८ फेब्रु., रविवार
बाहेर बर्फ, म्हणून चालायचा सराव मॉलमध्ये. दुकानं उघडायची होती, आमच्यासारखीच चार म्हातारी माणसं फेऱ्या मारत होती. पहिल्या फेरीत मी सारखी वाकून त्याच्या बोटाकडे. सु. थांबला. मीटर काढून खिशात टाकलं.
"तू पुढे हो. मागे बघायचं नाही."
"आणि तुला काही झालं तर?"
"तर हाक मारीन. परवा माझी परीक्षा आहे, आज तुझी."
गेले पुढे. एका दुकानात पडदे, पुढच्यात लहान मुलांचे बूट, मग बंद कारंजं. तिथे मान वर केली. मॉलला काचेचं छत आहे. वर बर्फ साचलेला आणि त्यातून झिरपणारा उजेड, दुधासारखा. इतकी वर्षं इथे येतेय, वर बघितलंच नव्हतं.
मागून मशीनचा आवाज. फुस्. मग काही नाही. मग पुन्हा फुस्.
तो जवळ येतोय की मीच हळू चालतेय, कळेना. वळले नाही.