गोवर उतरल्यावर

धाकट्या,

मी कविता म्हणायचो आणि ताई पाटीवर पेन्सिल आपटून ताल धरायची. ती टकटक अजून माझ्या कानात आहे. तुझ्या कानात काय आहे रे? बोळे?

काल नातीला लस टोचायला मनाई करताना सुनेला ऐकवलंस, "आम्हा तिघांना आईनं एकाच अंथरुणावर झोपवलं, गोवर एकदाचा उरकला. काय वाकडं झालं माझं?" तुझं नाहीच झालं. ताईला तू मोजतच नाहीस!

म्हणे, ती न्यूमोनियानं गेली. हो, गोवर उतरल्यावर तिसऱ्याच आठवड्यात. डॉक्टरीणबाईंनी मला मागच्या महिन्यात समजावलं. शरीर एकेक रोगजंतू कवितेसारखा पाठ करतं, म्हणून तो पुन्हा आला की लगेच हाकलतं. गोवराचा विषाणू नेमक्या त्या पाठांतर करणाऱ्या पेशींवरच उठतो आणि शिकलेलं बरंचसं पुसून टाकतो. लशीतला विषाणू दुबळा केलेला असतो. त्याच्याकडून शरीर धडा शिकतं, पण आधीचं विसरत नाही.

आईला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुला मी तीनदा सांगितलं, दीडशहाण्या! आणि शाळेतून तो गोवर घरात मीच आणला होता. साठ वर्षं हे कुणाजवळ बोललो नाही.

थांब, दार वाजतंय.

तुझी सून आलीय, पोरीला कडेवर घेऊन. म्हणते, "काका, मामंजींना न सांगता आलेय. दवाखान्यात चला ना बरोबर."

पत्र राहिलं तर राहू दे. चप्पल घालतोय.

तुझा दादा