रविवारी न बदललेले पॅड

मी, वय चौपन्न, अविवाहित, संस्कृतचा प्राध्यापक, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. विद्यार्थ्यांचे मत वेगळे असू शकेल. हृदयाबद्दल डॉक्टरांनी लेखी दिले आहे, प्रत जोडली आहे. हे लिहायला कोणी धाक घातला नाही. घातला तो लिहून झाल्यावर, आणि तोही पुढे नोंदवला आहे.

१. राहते घर, म्हणजे तळमजल्यावरच्या तीन खोल्या आणि गॅरेज, माझ्या पुतणीला. पुस्तकेही तिलाच. ती वाचणार नाही. पण गाडी जॅकवर घेताना चाकामागे अडसर म्हणून माझ्या शब्दकोशाचे दोन खंड तिने लावलेले मी पाहिले आहेत. विद्या वाया गेली नाही.

२. शेजारच्या दंतवैद्यांनी माझ्या ब्रेकच्या किंचाळण्याबद्दल तीन तक्रारी केल्या. ब्रेक पॅडच्या पाठीला लावायच्या वंगणाचा डबा त्यांना द्यावा. त्यांनी तो आधी आपल्या यंत्राला लावून पाहावा.

३. गॅरेजातली सर्व हत्यारे पुतणीला, पुढील सूचनांसह. रस्त्याचे पॅड पहिल्या दाबाला धरतात, पण शर्यतीच्या ट्रॅकवर चार फेऱ्यांत इतके तापतात की गाडी थांबायचे नाव घेत नाही. ट्रॅकचे पॅड तापल्यावर धरतात. थंड असताना चाकातल्या डिस्कवरून नुसते घसरतात. एकच पॅड दोन्हीकडे चालतो असे सांगणाऱ्याशी वाद घालू नये, फक्त त्याच्या गाडीत बसू नये. जाडी निम्मी झाली की बदलावे. आतला पॅड बहुधा आधी झिजतो, तेव्हा बाहेरून डोकावून समाधान मानू नये. आणि ट्रॅकवरून निघण्याआधी, फाटकाच्या आतच, रस्त्याचे पॅड परत बसवावेत. चाळीस मिनिटे लागतात.

४. ही चाळीस मिनिटे मी एकदा वाचवली.

नऊ वर्षांपूर्वीचा रविवार. ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवून दमलो होतो, घर जवळ होते; उद्या बदलू म्हटले. सोमवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची व पुतणीच्या वडिलांची, गाडी सुरू होईना. त्याने माझी किल्ली मागितली, मी चहा पिता पिता दिली. ‘सावकाश जा’ म्हणालो नाही, कारण दादा सावकाशच जायचा. आमच्या गल्लीचा उतार दोनशे पावलांचा. खाली चौक, चौकात सिमेंटचा ट्रक. पॅड ट्रॅकचे, थंडगार.

अपघाताच्या तपासणी अधिकाऱ्याने लिहिले : ब्रेक सुस्थितीत, पॅड नवे व जाड. खरेच होते. त्यांनी जाडी मोजली, पॅड कुठला हे पाहिले नाही. मग लोकांनी ठरवून टाकले की फोनवर बोलत असणार. मी खोडून काढले नाही. वहिनींनीही तेच मानले आणि आजवर त्या दादावर रागावलेल्या आहेत. मेलेल्या माणसावर रोज रागावणे फार दमवणारे काम असते. एक मजला खाली राहून मी ते ऐकत आलो.

५. आता पुतणी स्वतःची गाडी ट्रॅकवर नेते. गेल्या महिन्यात म्हणाली, “काका, ट्रॅकचेच पॅड कायम ठेवले तर? दर वेळी बदलायचा जाम कंटाळा येतो.” मी घर्षणावर अर्धा तास बोललो, धातूपासून व्युत्पत्तीपर्यंत. सांगायचे होते तेवढेच सांगितले नाही. माझे विद्यार्थी डोलावतात तशी तिने मान डोलावली. सबब, माझ्या मृत्यूनंतर कलम ४ तिला व वहिनींना वाचून दाखवावे.

इथवरचा मसुदा काल साक्षीच्या सहीसाठी आमच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे नेला. दादाच्या अपघातानंतर त्या गाडीतून ते पॅड त्यांनीच काढले होते, त्यामुळे त्यांना सगळे ठाऊक. त्यांनी शेवटपर्यंत वाचले आणि पेन परत दिले.

“सर, तुम्ही मरेपर्यंत पोरगी थांबणारे का? परवा ट्रॅकवर जातेय ती. मी नऊ वर्षं तोंड मिटून बसलो, आता वरून सहीपण करू?”

आधी वर जाऊन सांगा, मग सही, असे त्यांनी बजावले. सुरुवातीला म्हटलेला धाक तो हाच.

६. आज सकाळी मिस्त्रींना घेऊन वर गेलो. वहिनी इस्त्री करत होत्या. कलम ४ उभ्यानेच वाचले. त्यांनी इस्त्रीचे बटण बंद केले.

“ह्यांनी ब्रेक दाबला होता?”

“दाबून पेडल वाकलं होतं, वहिनी,” मिस्त्री म्हणाले.

“आणि फोन?”

“खिशात होता,” मी म्हणालो.

मग त्यांनी मुलीला हाक मारून समोर बसवले आणि मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावले. वाचले. पुतणी माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली. थोड्या वेळाने गॅरेजातून जॅकचा आवाज येऊ लागला.

मूळ मसुद्यात घर वहिनींच्या नावे होते. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले आहे. वहिनींनी माझ्या हातून पेन घेतले, स्वतःचे नाव खोडले, तिथे मुलीचे घातले.

“घर नको मला, भावजी. मी साक्षीला सही करते.”

त्यानुसार ही प्रत नव्याने लिहून, वरील सर्व मजकूर खरा म्हणून, दोघांसमोर सही करत आहे.

लिहून ठेवणार : (सही)

साक्षीदार पहिला : मिस्त्री. (सही, शेजारी ग्रीसचा अंगठा)

साक्षीदार दुसरी : (सही) नात्याच्या रकान्यात त्यांनी ‘वहिनी’ लिहिले नाही. ‘त्यांची बायको’ असे लिहिले आहे; त्यांची म्हणजे दादाची.

स्थळ : वरच्या मजल्यावरचे इस्त्रीचे टेबल.
दिनांक : शनिवार, सकाळचे साडेअकरा. खाली पॅड बदलायचे काम अजून चालू आहे.