दोन चड्ड्या आणि अर्धी नांगरट

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण खड्डे खणून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घातलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? मुलं वेळेवर जेवतात ना? इकडे सगळे क्षेम आहे. म्हणजे बाबा आणि तुझी भावजय आता एकमेकांशी सरळ बोलू लागले आहेत, आणि हल्ली मी तेवढ्यालाच क्षेम म्हणतो.

तुला फोनवर 'जरा कुरबुर आहे' एवढेच सांगत आलो, पण ती कुरबुर तीन वर्षांची होती. सुरुवात झाली तेव्हा बाबा ट्रॅक्टर पुसत होते. (बाबा ट्रॅक्टर ज्या मायेने पुसतात, त्या मायेने त्यांनी आपल्या दोघांची नाकेही कधी पुसली नाहीत.) सूनबाई कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे त्यांना लग्न ठरतानाच सांगितले होते, ते जीव आपल्याच शेतात राहतात हे मात्र कुणी सांगितले नव्हते. ती म्हणाली, नांगर खोल घातला की मातीतले बुरशीचे धागे तुटतात, ओलावा उडतो, जिवाणूंची उपासमार होते. तेव्हा यंदा नांगरू नका, आधीच्या पिकाच्या काडातच पेरा. चमचाभर मातीत अब्जावधी जीव असतात म्हणे. बाबा म्हणाले, "एवढे असतात, तर इतक्या वर्षांत एकानेही मला हाक कशी मारली नाही?"

शेवटी शेत मधोमध वाटले गेले. उजवे अर्धे बाबांचे, नांगरलेले, दोरी धरल्यासारखी सरळ तासे. डावे अर्धे सूनबाईचे, काडीकचऱ्याने भरलेले, दाढी न केलेल्या माणसासारखे. पहिल्या वर्षी तिच्याकडे तण माजले आणि पीक कमी आले. तेव्हा बाबा रोज संध्याकाळी तिकडे फिरायला जात आणि गाणे गुणगुणत परत येत. मी तटस्थ राहिलो. (तटस्थ माणसाला दोन्ही बाजूंचे निरोप पोचवावे लागतात आणि दोन्ही बाजूंची बोलणी खावी लागतात.)

यंदा निकाल लावायचे ठरले. निकालाची रीत तिने सांगितली, आणि आता जो शब्द येतो आहे तो थोरल्या बहिणीला लिहिताना हात अडखळतो, पण शास्त्राला लाज नसते असे तुझी भावजय म्हणते. सुती चड्डी. एकसारख्या दोन नव्या चड्ड्या, एक नांगरलेल्या भागात, एक न नांगरलेल्या भागात पुरायच्या आणि दोन महिन्यांनी उकरायच्या. जिथली जास्त खाल्ली गेली तिथली माती जास्त जिवंत. हरेल त्याने आपले अर्धे दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे. चड्ड्या कुणाच्या, यावर कुणी चर्चा केली नाही. माझे कपाट उघडले गेले.

ते दोन महिने घरात अशी शांतता होती की शेजारीण आजाराची चौकशी करून गेली. मग उकरायचा दिवस उजाडला. फावडे माझ्याकडे. आधी बाबांच्या भागातली काढली: मळलेली, पण धडधाकट. मग डावीकडे गेलो. फावडे लोण्यात घुसावे तसे घुसले, आणि हाती आले एक इलॅस्टिक. बाकी काही नाही. इलॅस्टिकला एक गांडूळ लोंबत होते.

तुझ्या भावजयीचे ओठ हसू दाबून थरथरत होते. बाबांनी दोन्ही वस्तू दोन हातांत धरून नीट पाहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? माझ्या जमिनीनं दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही. हिच्याकडे सगळे चोर."

सांगायचे ते पुढेच आहे. आम्ही निघालो, बाबा मागे राहिले. वळून पाहतो तर डाव्या भागात उकिडवे बसलेले, मूठभर माती नाकाशी धरलेली. तुझी भावजय परत गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. बाबांनी विचारले, "म्हणजे इतकी वर्षं मी त्यांची घरं मोडत होतो?"

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, बाबा."

"परत येतात का ते?"

"इकडे आलेच की. थोडा दम धरायचा."

बाबांनी माती खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. घरी येऊन म्हणाले की ट्रॅक्टरच्या धुराने हल्ली डोळे चुरचुरतात, तेव्हा यंदा नांगरट नको. हरल्याचा उल्लेख कुणी केला नाही. त्या दिवशी तुझ्या भावजयीने त्यांना न मागता दुसरा चहा दिला.

मुलांना आशीर्वाद, तुला पुन्हा एकदा उभ्याने नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचे मुख्य कारण राहिलेच. बाबांना आता या प्रयोगाचा नाद लागला आहे. आपल्या शेतातले सगळे कोपरे झाले, शेजाऱ्यांचे झाले, शाळेचे मैदान झाले. भाऊजींनी तुमच्या परसात कुदळ मारून वाफे केल्याचे त्यांच्या कानावर गेले आहे आणि ते गुरुवारच्या गाडीने तुझ्याकडे निघत आहेत. दोरीवरचे कपडे काढून ठेव. निदान भाऊजींचे.

ता. क. २. पत्र बाबांनी वाचले. खालचा मजकूर त्यांचा आहे:

चि. ताईस अनेक आशीर्वाद. तुझ्या भावाने निकाल चुकीचा कळवला आहे. माझ्या भागातली चड्डी धुऊन वापरायला घेतली. उत्तम आहे. सूनबाईच्या भागातली कुणाला घालता येत असेल तर घालून दाखवावी.