आईची मधली जागा

गायमन, ऑक्टोबर

प्रिय ड्वेन,

उभा असशील तर आधी बस. बाबांनी हायब्रिड ट्रक घेतलाय. हो, आपल्याच बाबांनी! जन्मभर ज्यांनी सगळ्यात खालच्या दर्जाचा पिकअप घेतला आणि चामड्याच्या सीटा घेणाऱ्या शेजाऱ्यांना “काय, वासरांना मिरवायला नेणार का?” म्हणून छळलं, त्याच माणसाने. मी अजून भानावर आलेली नाही.

आईची फुफ्फुसं थकलीत हे तुला फोनवर सांगितलं होतं. आता तिला प्राणवायूचं यंत्र दिवसरात्र लागतं. खांद्याला लावायच्या छोट्या यंत्राची बॅटरी गुरांच्या बाजारातून परत येईपर्यंतही टिकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यापासून ती घरातल्या प्लगला बांधल्यासारखी आहे. त्यात बर्फाचं वादळ येऊन विजेच्या तारा तुटल्या तर काय? हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीला, घरासारखे प्लग असतात. यंत्र गाडीत चालेल, वीज गेली तर त्याच गाडीवर घरातही चालेल.

म्हणून मंगळवारी बाबांना शोरूममध्ये नेलं. विकायला कोण, तर रस्टी, तुझ्या वर्गातला. साधा ट्रक चाळीस हजार डॉलरच्या आसपास, पण नुसता पेट्रोलवरचा. हायब्रिड हवा तर थेट वरचा दर्जा, आणि त्यासोबत चामडं, गरम होणाऱ्या सीटा, छताला काच. आकडा अडुसष्ट हजारांवर गेला. आपलं घर याच्या निम्म्यात झालं होतं रे! बाबा म्हणाले, “मला प्लग हवाय, छताला भोक नको.” रस्टी म्हणाला, “काका, ते सोबतच येतं.” “मग भोकाचे पैसे कमी कर.” मी जमिनीकडे बघत राहिले.

पण ते खरे अडले ते पुढेच. वरच्या दर्जात पुढे सलग बाक नाही. दोन सुट्या खुर्च्या आणि मधे हे एवढं खोकं. आई लग्नापासून मधे बसते, बाबांच्या दंडाला दंड लावून, खिडकीची जागा रिकामी ठेवून. सगळा गाव त्यांचा ट्रक काचेतल्या त्या दोन डोक्यांवरून ओळखतो. मी घरी फोन लावला. आई धापा टाकत म्हणाली, “मला खिडकीशी बसवणार असाल तर मी घरातच बरी. मी काय पाहुणी आहे?” आणि ठेवलाच फोन. बाक घ्यावा तर प्लग नाही, प्लग घ्यावा तर बाक नाही. बाबा आता उठणार म्हणून मी पर्स उचलली.

तर बाबा रस्टीला म्हणाले, “वरचाच दे. ते खोकं माझा ड्वेन काढेल. टल्साला गाड्यांच्या सीटा बनवतो तो. त्याच्यासारखी शिवण तुमच्या कारखान्यात कुणाला जमायची नाही.” ड्वेन, मी उचललेली पर्स परत खाली ठेवली. याच कामाला बायकी म्हणून त्यांनी तुला भरल्या ताटावरून उठवलं होतं. त्यानंतर या घरात तुझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. रस्टीने भीत भीत विचारलं, “त्याला विचारलंय का, काका?” “विचारायचं काय? त्याच्या आईची जागा आहे.” आणि सही ठोकून मोकळे. येताना वाटभर त्यांचे कान लाल. मी मात्र खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

ट्रक पुढच्या शुक्रवारी येतोय. तो त्यांनी तुझ्या भरवशावर घेतलाय, तुला न विचारता, आणि ते काही तुला फोन करायचे नाहीत. म्हणून हे पत्र. राग असेल तर तोही घेऊन ये, पण हत्यारं विसरू नकोस. तू नाही आलास तर आई त्या ट्रकात पाय ठेवणार नाही आणि हिवाळा तोंडावर आलाय. आज सकाळी बाबा टेप घेऊन जुन्या ट्रकात आईच्या जागेचं माप घेत होते. मला बघून ओशाळले, मग म्हणाले, “त्याला सांग, जागा जरा अरुंदच ठेव.”

तुझी वाट बघणारी बहीण,
डार्ला