फाटक धरायची रीत

३ मार्च
आलो बाई एकदाचे इंग्लंडातल्या डार्टमूरला! खाली ह्यूची नवी बेकरी, वर आम्ही नवराबायको. दाराबाहेर पाऊल टाकलं की माळरान. लष्कराच्या सरावभूमीला वळसा घालणारी लांबलचक पायवाट आहे, तिच्यावरून धावायला निघाले तर शेजारच्या तमसिननं हटकलं. मेंढ्या पाळते, स्वतःही पळते आणि सगळ्या जगाला 'राणी' म्हणते. टेकडीवर लाल निशाण असलं की आत गोळीबार असतो, तेव्हा बाहेरूनच पळायचं, राणी, आणि पडलेलं काही उचलायचं नाही, म्हणाली. एवढं मलाही कळतं! चिखलात दोनदा आपटले. मजा आली.

६ मार्च
लाल निशाण होतं. कुंपणाच्या भिंतीच्या कडेनं पळत होते, तर आतल्या बाजूनं एक जण धावत फाटकाशी आला. वाट चुकला असेल बिचारा. मागून येणाऱ्यासाठी फाटक धरायची आपली रीतच आहे, धरलं. साधं 'थँक्यू'सुद्धा नाही! मेल्याला कुणी वळण लावलेलं दिसत नाही.

७ मार्च
आज तो माझ्या मागे होता. पावलं वाजत नाहीत, धाप नाही. ओढ्याजवळच्या फाटकातून निघाले आणि घाईनं कडी लावली. तो पलीकडे नुसता उभा. मग एक म्हातारं जोडपं आलं, त्यांनी हसून त्याला वाट दिली. वाऱ्यानं त्याच्या बाह्या फडफडल्या. रिकाम्या होत्या. जीव खाऊन पळाले. पाय मुरगळला.

८ मार्च
तमसिनला सांगितलं तर पांढरीफटक पडली. निशाण वर असताना आतून येतो तो माणूस नव्हे, म्हणाली. पडलेला गोळा उचलला होता त्यानं, दोन्ही हात उडाले. कडी काढता येत नाही म्हणून आत अडकून असतो. तिच्या भावानं एकदा फाटक धरलं. भाऊ घराच्या उंबऱ्यात मेलेला सापडला, त्याचे हात सापडले नाहीत. दुसऱ्याचे हात त्याला किती दिवस पुरणार, राणी? गळायला लागले की पुन्हा आत जातो, पुढचं कुणी फाटक धरेपर्यंत.
ह्यूला विनवलं, कुणाला दार उघडू नकोस. हसला. मग पाव काय चिमणीतून विकू, म्हणे. मला फार भीती वाटतेय.

९ मार्च
गल्लीच्या तोंडाशी आलाय. पोस्टमननं फाटक धरलं. आग लागो या सभ्यतेला!
पाय टेकवत नाही. तमसिन फोन उचलत नाही —

१० मार्च, दुपार
खिडकीखाली आहे. ह्यूला ओरडून सांगितलं. खालून म्हणतो, आलो गं, जरा दम धर, गिऱ्हाईक आलंय, बिचाऱ्याला हात नाहीत, दार तेवढं उघडून —
नको, ह्यू —
काहीतरी पडलं. ह्यू ओ देत नाही.
जिना करकरतोय. पावलं मात्र —
खोलीचं दार लावलंय. त्याला कडी काढता येत नाही. तमसिन म्हणाली, येत नाही —
कडी हलतेय.
दार किलकिलं — बोटं — ह्यूची अंगठी —