तळ्याची सुट्टीच्या दिवसाची पातळी

प्रति,
मा. जतन अधिकारी,
जुन्या वास्तूंचे जतन कार्यालय.

विषय : गिरणीच्या तळ्याची पातळी दोन फूट खाली आणण्याबाबत (अर्ज पाचवा).
संदर्भ : आपले पत्र, "पातळी ऐतिहासिक असल्याने बदल शक्य नाही."

महोदय,

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका असून गिरणीच्या कामगार वस्तीत, तळमजल्यावरील खोली क्र. ७ मध्ये वडिलांसह राहते. वडील एक्याण्णव वर्षांचे आहेत व पलंगावरून उठू शकत नाहीत. गिरणी चालू होती तेव्हा तळ्याचे पाणी गिरणीच्या चाकावर सोडणारे दार उघडण्याचे काम त्यांच्याकडे होते.

२. जतनाचे काम सुरू झाल्यावर आपण एका जुन्या छायाचित्रावरून तळे काठोकाठ भरून ठेवले. तेव्हापासून पाणी आमच्या भिंतीत चढते. दर सोमवारी मी पट्टीने मोजते. चौदा महिन्यांत ओल अकरा सेंटिमीटरवरून त्रेसष्टवर गेली आहे.

३. छायाचित्रात गिरणीच्या चाकाखाली फेस नाही आणि वस्तीतल्या सगळ्या दोऱ्यांवर कपडे वाळत आहेत. एवढे कपडे फक्त साप्ताहिक सुट्टीलाच वाळत. कामाच्या दिवशी दार उघडले की चाक फिरे, संध्याकाळपर्यंत तळे दोन फूट उतरे आणि भिंती सुकत. आपण जपली आहे ती सुट्टीची पातळी. वडील रोज विचारतात, "अगं, सुट्टी संपली ना? मग दारावर कुणी गेलं की नाही?" मी म्हणते, "जातील हं, बाबा."

४. वरची रिकामी खोली मागितली होती. ती 'कामगाराची खोली' म्हणून पाहुण्यांना दाखवण्यासाठी राखीव असल्याचे कळले.

५. गेल्या महिन्यात आपले निरीक्षक आले. त्यांनी खूप हळहळ व्यक्त केली. भिंतीवरील ओल त्यांनी 'मूळ' म्हणून नोंदवली आणि पलंगाच्या पायांखालच्या विटा 'मूळ रचनेत बदल' म्हणून. विटा सात दिवसांत काढण्याची नोटीस मिळाली आहे.

६. तरी पातळी उतरवावी. ते शक्य नसल्यास आठवड्यातून एक दिवस तरी दार उघडावे. तेही शक्य नसल्यास विटा राहू द्याव्यात. प्रत्येक पायाखाली दोन आहेत. आता फरशीवर पाणी उभे असून आज सकाळी खालची वीट पूर्ण बुडाली. तिसऱ्या थराच्या चार विटा आणून मी उंबऱ्याबाहेर ठेवल्या आहेत. आपल्या परवानगीशिवाय लावलेल्या नाहीत.

आपली नम्र,
(सही)
रहिवासी, खोली क्र. ७
सोमवार, सकाळी मोजणीनंतर

सोबत : १) ओलीच्या एकसष्ट नोंदी. २) छायाचित्राची प्रत, कपड्यांवर खूण करून. ३) विटांची नोटीस (भिजलेली, क्षमस्व).