मालगाडी थांबणार नाही

४ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रुळांचं काम पार पडलं. जुन्या मार्गावर जाड रूळ, काँक्रीटचे स्लीपर, नवी खडी. परवा वेगवान गाडी ताशी एकशे साठनं गेली. मी तिच्यात उभ्या उभ्या एका कागदावर सही केली, ती सहीसारखीच आली.

वाईट बातमी मात्र माझ्याच टेबलावरून निघते आहे. वेळापत्रकाच्या तक्त्यावर प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. वेगवान गाड्यांच्या रेघा उभ्या, तुमच्या मालगाडीची आडवी पसरलेली. दोन्ही जिथे एकमेकींना कापतात तिथे तुम्ही लूप लाइनवर बाजूला थांबायचं, असं मी आखलं होतं. पण डिसेंबरच्या चाचणीत तुम्ही थांबून निघालात ते अर्धे मुख्य मार्गावर येऊन हलेचनात, आणि मागची वेगवान गाडी एकोणीस मिनिटं अडकली. आता मोठे साहेब म्हणतात, मालगाड्या या मार्गावरून काढूनच टाका. कारखान्याचं सिमेंट ट्रकनं जाईल आणि तुमची इंजिन शेड बंद होईल. चाळीस ड्रायव्हर कुठे जातील, हे तक्त्यावर दिसत नाही.

महिनाअखेर मला तक्ता द्यायचा आहे. तुम्ही त्या दिवसापासून माझा फोन घेत नाही, म्हणून हे पत्र.

मामींना नमस्कार. राग ठेवलात तरी लोभ त्याच्यापेक्षा बोटभर जास्त ठेवा.

तुमची भाची


११ जानेवारी

चि. रेघोटीस,
अ. उ. आ.

फोन घेतला असता तर बोलू नये ते बोललो असतो. कागदावर माणूस जरा सभ्य राहतो.

तुझ्या साहेबांना सांग, तीन हजार टनांची गाडी म्हणजे सायकल नव्हे, घंटी वाजवली की निघाली. लोक म्हणतात, मामाला नाचता येईना. अगं, पण इथे अंगण खरोखरच वाकडं आहे. ती लूप लाइन चढावर आहे. चालती गाडी चढ चढते, थांबलेली रुसते. शेडमधल्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारलं असतंस तर त्यानं चहा संपायच्या आत सांगितलं असतं. मलाच विचारलं असतंस तरी चाललं असतं.

मला थांबवूच नका. त्या लूप लाइनच्या स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंत, मुख्य मार्गाला लागूनच, खाणीचा जुना फाटा होता. नोकरीला लागलो तेव्हा मी त्यावरून दगड वाहिलेत. रूळ कधीच उचलले, पण भराव जागेवर आहे. दोन्ही स्टेशनांच्या लूप लाइन त्यावरून जोडा. सहा किलोमीटर होतील. मी एका टोकाला आत शिरेन, पंचेचाळीसच्या वेगानं चालत राहीन आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडेन. त्या आठ मिनिटांत तुझी महाराणी शेजारून खुशाल निघून जाऊ दे.

मामी म्हणते, पोरीला इतकं लागट लिहू नका. म्हणून एक ओळ खोडली आहे. उजेडात धरून वाचू नकोस.

मामा


२ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

भराव आहे. रुळांच्या इंजिनिअरबाईंना घेऊन सगळा चालत पाहिला. काट्यांनी माझी ओढणी फाटली, त्यांचा बूट फाटला. भरावाखालच्या एका मोरीला तडा आहे. बाई तिच्यावर तीनदा उड्या मारून म्हणाल्या की दुरुस्त होईल. मुख्य मार्गावरून काढलेले जुने रूळ ढिगानं पडले आहेत. एकशे साठला ते नालायक असले तरी तुमच्या पंचेचाळीसला चांगले आहेत.

साहेब तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा बाईच माझ्याबरोबर आल्या, तेव्हा ते म्हणाले, तक्ता तोवर थांबवतो, जोडा आणि एकच चाचणी घ्या. वेगवान गाडीला एका मिनिटाचा जरी उशीर झाला, तर मालगाडी नसलेल्या तक्त्यावर सही. मग ड्रायव्हर कोण, असं विचारलं. मी तुमचं नाव घेतलं. ते म्हणाले, जो फसला तोच ना. मी म्हटलं, का फसलं ते ज्याला कळलं, तो.

आता माझी लाज तुमच्या हाती. आणि तुम्हाला आधी विचारलं नाही, ते चुकलंच. ही ओळ मी खोडणार नाही.

तुमची भाची


१९ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

घाईघाईनं लिहिते आहे, अक्षराला हसू नका.

मी वेगवान गाडीत होते. साहेब समोर, हातात घड्याळ. स्टेशन मागे पडलं आणि शेजारच्या रुळांवर तुमच्या गाडीची शेपटी दिसली. मला वाटलं, थांबलीच बहुतेक. मग चाकांकडे पाहिलं, तर ती फिरत होती. मी एकेक डबा, एकेक वाघीण मोजायला लागले. पन्नासच्या पन्नास, बावीस सेकंदांत. शेवटी इंजिन आणि खिडकीबाहेर तुमचा हात. तो निरोप देत होता की शिव्या, ते समजलं नाही.

आम्ही ठरल्या मिनिटाला पोहोचलो. साहेबांनी घड्याळ खिशात ठेवलं. तुमची गाडी न थांबता बाहेर पडल्याचा फोन आला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. मालगाड्या राहणार, मामा. दिवसाला सहा, प्रत्येकीची वेळ छापलेली. इंजिनिअरबाईंनी मला सगळ्यांसमोर उचलून घेतलं.

मायेत खंड नको, इतकंच मागणं.

तुमची भाची


२८ मे

चि. रेघोटीस,
अ. उ. आ.

हात दोन्हीसाठी होता.

तुझी गाडी शेजारी आली तेव्हा इंजिन हादरलं. भिंतच पळत गेल्यासारखी. पण माझा काटा पंचेचाळीसवरून हलला नाही. चढ संपला, पुढचा सिग्नल हिरवा होता, आणि मी तिच्या मागोमाग मुख्य मार्गावर आलो. उभ्या नोकरीत मी सगळ्यांना वाट दिली, त्या दिवशी पहिल्यांदा ती चालत चालत दिली.

काल तुझं छापील वेळापत्रक शेडमध्ये लागलं. चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून वाचत होती. एकानं स्वतःच्या गाडीची वेळ मोठ्यानं वाचली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. मालगाडीला सुटायची वेळ असते, पोहोचायची नसते, हे आमच्यात नवीन पोरालाही पहिल्या दिवशी सांगतात. आता ते सांगता येणार नाही.

आज सकाळी निघताना मामीनं सवयीनं विचारलं, कधी येणार. तीस वर्षं मी येईन तेव्हा येईन असं म्हणत आलो. आज म्हटलं, सहा वाजून दहा मिनिटांनी. ती हसली आणि तिला ते खरं वाटलं नाही.

सहा वाजून आठ मिनिटांनी मी दारात उभा होतो.

मामा